'होतंच ते'

कामाच्या पहिल्या दिवशी माझ्या हातात एक जाडजूड रजिस्टर आलं. शेवटचा रकाना होता 'औषधाचा त्रास'. त्यात पानामागून पानं 'नाही'. एकाच पेनाने, एकाच अक्षरात. काही पानांवर तर वरच्या ओळीत एकदा 'नाही' आणि खाली शेवटपर्यंत नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. केंद्र एमडीआर टीबीचं, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचं. पेशंट रोज मूठभर गोळ्या घेणारे. आणि कुणालाच काही होत नव्हतं.

बाहेर बाकावर एक काका बसले होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. दुसरी कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, "वाटेत निघाली असेल. कळलंच नाही." एमडीआरवरच्या लिनेझोलिड या गोळीचा सातवा महिना चालू होता. मी आत जाऊन त्यांची ओळ शोधली. 'नाही'. सिस्टरना विचारलं, तर त्या सहज म्हणाल्या, "त्या गोळीनं होतंच ते."

सिस्टर निष्काळजी नव्हत्या, हे आधीच सांगते. कोणाचा डोस कधी चुकला, कोण गोळी जिभेखाली दडवतो, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे त्या कागद न बघता सांगायच्या. पण त्यांच्या लेखी 'त्रास' म्हणजे आक्रीत. जे होणारच, ते काय लिहायचं? पुढची दोन वर्षं माझी निम्मी शक्ती या एका वाक्यावर खर्च झाली.

मुळात माझं पदच नवीन होतं. त्याआधी मी औषधं मोजून देणारी फार्मासिस्ट होते. हे पद निघालं ते बेडाक्विलिनमुळे. टीबीसाठी चाळीसेक वर्षांनी आलेलं नव्या जातीचं औषध. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती मोठ्या, शेवटच्या टप्प्यातल्या चाचणीची वाट न बघता. एमडीआरच्या पेशंटांकडे थांबायला वेळ नव्हता, म्हणून. पण त्या मंजुरीमागच्या एका चाचणीत एक आकडा अडचणीचा होता: औषध घेणाऱ्या ७९ जणांपैकी १० दगावले होते, खोटी गोळी घेणाऱ्या ८१ पैकी २. त्या दहा मृत्यूंचं औषधाशी थेट नातं जोडता आलं नाही, तोडताही आलं नाही. म्हणून २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषध वापरा म्हणताना अट घातली की नुसतं देऊ नका, पेशंटवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. २०१५ मध्ये त्या अटीला रीतसर चौकट मिळाली. लघुरूपात तिला 'एडीएसएम' म्हणतात. टीबीच्या औषधांच्या सुरक्षेवर सक्रिय देखरेख आणि जो त्रास सापडेल त्यावर उपचार, असा तिचा अर्थ. यातला 'सक्रिय' हा शब्द कागदावर फार सोपा दिसतो.

औषधाचा त्रास कळवण्याची जुनी पद्धत अशी: डॉक्टरला काही विचित्र दिसलं, सवड मिळाली, आठवण राहिली, तर तो फॉर्म भरतो. अहवाल ग्राह्य धरायला चारच गोष्टी लागतात. कोणाला झालं, कशामुळे झालं असं वाटतं, काय झालं आणि कोण कळवतंय. पण अशा अहवालांतून एक गोष्ट कधीच कळत नाही: किती जणांपैकी. पाच जणांना कावीळ झाली हे कळतं, ती पन्नासांतल्या पाचांना झाली की पाच हजारांतल्या, हे नाही. सक्रिय देखरेखीत औषध सुरू करतानाच प्रत्येकाचं नाव, वजन, रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, नजर, ऐकू येणं, सगळं नोंदवायचं, आणि दर भेटीला पुन्हा विचारायचं, तपासायचं. कुणाला काही झालं नाही, हेही विचारून मगच लिहायचं.

मला प्रशिक्षणात एक जुनी घटना ऐकायला मिळाली ती अजून डोक्यात आहे. १९७० मध्ये वॉशिंग्टनला, कॅपिटॉल हिलवर, सरकारी कर्मचाऱ्यांमध्ये टीबी निघाला म्हणून २,३२१ जणांना प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड दिलं गेलं. १९ जणांना यकृताचा विकार दिसला, दोघे दगावले. त्याआधी जवळजवळ दोन दशकं हे औषध जगभर भरपूर वापरलं जात होतं, आणि या धोक्याची धार कुणाला नीट कळली नव्हती. तिथे कळली, कारण माणसं मोजलेली होती आणि नंतर त्यांच्याकडे बघणारं कोणीतरी होतं. गरीब देशांत तेव्हाही टीबीचे पेशंट कितीतरी पटींनी जास्त होते. कावीळ त्यांनाही होत असणार. त्यांची नोंद कुठल्या रकान्यात असेल याचा अंदाज मला आमच्या रजिस्टरावरून आला.

विचारायचं कसं, हे शिकायला मला चार-पाच महिने लागले. "काही त्रास?" या प्रश्नाचं उत्तर "नाही" हेच असतं. रांगेत मागे दहा माणसं उभी, समोर टेबलापलीकडे पांढरा कोट, आणि प्रश्न विचारणारीचा हात आधीच पुढच्या कागदावर. मग मी प्रश्न मोडून बारीक केले. शर्टाची बटणं लावताना वेळ लागतो का? रात्री पांघरूण पायाला टोचतं का? जिना उतरताना बघून पाय टाकावा लागतो का? घरचे म्हणतात का की तुम्ही हल्ली मोठ्याने बोलता? लाल आणि हिरवा रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात का? लघवीच्या रंगाचं तर फार जपून विचारावं लागतं. साध्या टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने ती केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण कावीळ झाली तर ती गडद, काळ्या चहासारखी होते, आणि "गोळ्यांनी रंग बदलतोच" असं एकदा सांगून ठेवलेला पेशंट दुसरा रंगही पोटात ठेवतो. आम्हीच त्याला गप्प राहायला शिकवलेलं असतं.

पायाला मुंग्या येतात असं फार थोडे जण म्हणाले. "पायाखाली कापूस ठेवलाय." "मोजे घातलेत असं वाटतं, नसतात." "जमीन लांब गेली." एका आजींनी सांगितलं की पाय माझे नाहीत, कुणाचे तरी जोडलेत. फॉर्मवर या सगळ्याला एकच ठरलेली वैद्यकीय संज्ञा होती. मी संज्ञा लिहायचे आणि कंसात त्यांचे शब्दही लिहायचे. वरच्या कार्यालयातून एकदा विचारणा आली की कंसातला मजकूर कशासाठी. मी तो लिहीत राहिले, कारण सहा महिन्यांनी 'कापूस'चे 'काटे' झाले तर ते मला त्या कंसातूनच कळणार होतं.

लपवण्यामागे भीतीही असायची, आणि तीही एका जातीची नव्हती. काहींना वाटायचं, सांगितलं तर औषध बंद करतील आणि आजार पुन्हा उलटेल. काहींना वाटायचं, अजून दोन गोळ्या वाढवतील. सायक्लोसेरिन घेणाऱ्यांबद्दल मला सगळ्यात धास्ती वाटायची. ते औषध मनावर परिणाम करू शकतं: झोप उडते, संशय येतो, जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटू शकतं. ते कोणी टेबलापलीकडून सांगत नाही. त्यासाठी सोबत आलेल्या बायकोला, भावाला बाजूला घेऊन विचारावं लागतं, आणि तेही "वेडं झाल्यासारखं वागतात का" असं नाही, तर "पूर्वीसारखे बोलतात का" असं. एका मुलाचा भाऊ म्हणाला, "बोलतो की. पण भिंतीशी." तो फॉर्म मी उभ्या उभ्या भरला.

ईसीजीची कथा वेगळीच आहे. बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही तिन्ही औषधं हृदयाच्या विद्युत ठेक्यातलं 'क्यूटी' नावाचं अंतर लांबवू शकतात. ते ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की जीवघेणा बिघाड होण्याची भीती. म्हणून सुरुवातीला, दोन आठवड्यांनी आणि मग ठरावीक अंतराने ईसीजी काढायचा. आमच्याकडे मशीन होतं, कागदाचा रोल नसायचा. रोल आला की तंत्रज्ञ रजेवर. रोल आणि तंत्रज्ञ दोन्ही हजर असलेल्या एका दिवशी एका मुलीचा ईसीजी निघाला. मशीनने वर छापलं होतं: क्यूटीसी ५१२. डॉक्टरांनी बेडाक्विलिन थांबवायचं लिहून टाकलं.

मला त्या कागदावर नाडी दिसली, ११५. नाडी जलद असली की क्यूटीचं अंतर वेगासाठी दुरुस्त करून घ्यावं लागतं, आणि दुरुस्तीची सूत्रं एकाहून जास्त आहेत. मशीनमध्ये सहसा बॅझेटचं असतं, ते वर्गमुळावर चालतं आणि जलद नाडीला आकडा फुगवतं. टीबीच्या पेशंटांची नाडी अनेकदा जलद असते, म्हणून आमच्या मार्गदर्शिकेत फ्रिडेरिशियाचं सूत्र आहे, घनमुळाचं. मूळ क्यूटी ३७० होता. मी मोबाइलवर गणित मांडलं: बॅझेटने ५१२, फ्रिडेरिशियाने ४६०. एक आकडा औषध बंद करायला लावणारा, दुसरा सावध राहून चालू ठेवायचा. डॉक्टरांसमोर कागद ठेवताना माझा आवाज कापत होता, कारण त्यांचा निर्णय मोडण्याचा माझा काही अधिकार नव्हता. ते बघत राहिले आणि म्हणाले, "अर्ध्या तासाने पुन्हा काढा. पोटॅशियम पाठवा."

पोटॅशियम बाहेरच्या लॅबला जायचं, रिपोर्टला चार दिवस. चौथ्या दिवशी ते कमी आलं. कमी पोटॅशियमनेही क्यूटी लांबतो. आणि ते कमी का, तर तीन आठवडे ती रोज गोळ्यांनंतर उलट्या करत होती. रजिस्टरात नव्हतं. तिच्या आईने गोळ्या वाटणाऱ्या ताईंना सांगितलं होतं, आणि ताई म्हणाल्या होत्या की सुरुवातीला होतंच ते. उलट्यांवर औषध दिलं, पोटॅशियम दिलं, ईसीजी पुन्हा पुन्हा काढले. औषध बंद करावं लागलं नाही. तसंही बंद केलं असतं तरी बेडाक्विलिन लगेच जात नाही. शरीरातून त्याचं प्रमाण निम्मं व्हायला शेवटच्या टप्प्यात साडेपाच महिन्यांच्या आसपास लागतात. गोळी थांबली म्हणजे धोका थांबला, असं या औषधाबाबत म्हणता येत नाही.

त्या दिवसानंतर सिस्टरनी स्वतःहून रजिस्टरात उलट्यांचा वेगळा रकाना आखला. पट्टीने, लाल शाईत. मला न विचारता.

दर महिन्याला आमची बैठक व्हायची, त्रास औषधामुळेच झाला का हे ठरवायला. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे: निश्चित, संभाव्य, शक्य, असंभाव्य आणि माहितीअभावी ठरवता न येणारे दोन प्रकार. बाहेरून हे न्यायालयासारखं वाटतं, प्रत्यक्षात आम्ही तारखांचे कागद जुळवत बसायचो. साध्या टीबीचा, कावीळ झालेला पेशंट समोर असतो, पण त्याला आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला झोंबणारी औषधं एकाच गोळीतून मिळालेली असतात. शिवाय तो दारू पितो की नाही यावर घरच्यांत एकमत नसतं, हिपॅटायटिसची चाचणी झालेली नसते आणि औषध सुरू करण्यापूर्वीचा यकृताचा रिपोर्ट फाइलमध्ये नसतो. यकृताचे एन्झाइम लक्षणांसह नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर किंवा लक्षणांविना पाचपटीवर गेले की औषधं थांबवायची, उतरले की एकेक करून पुन्हा सुरू करायची आणि कुठलं उलटतं ते बघायचं, असा क्रम. तो पाळला तर उत्तर मिळतं. पण पेशंट दोन तासांचा प्रवास करून दर तीन दिवसांनी रक्त द्यायला येणार कसा? मग आम्ही 'शक्य' लिहायचो. आमच्या कागदांवर सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द हाच. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची.

सगळ्यात कठीण फॉर्म मृत्यूचा. एक बाई घरीच गेली, रात्री. सहा महिन्यांचा उपचार झालेला, थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आलेला. नियमाप्रमाणे उपचार चालू असताना आलेला मृत्यू ही गंभीर घटना, मग कारण काहीही असो, आणि आमच्याकडे ती २४ तासांत कळवायची. एका वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, "औषधानं झालं याचा पुरावा आहे?" नाही म्हटलं. "मग कशाला लिहिता? उद्या चौकशी लागेल, डॉक्टरांचं नाव येईल." ते वाईट माणूस नव्हते. फॉर्म म्हणजे आरोपपत्र, असंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मी त्यांना ७९ पैकी १० ची गोष्ट सांगितली. ते मृत्यूही कुणी 'पुरावा नाही' म्हणून गाळले असते, तर देखरेखीचा एवढा आग्रह आला नसता. आणि दुसरी बाजूही सांगितली: दक्षिण आफ्रिकेने बेडाक्विलिन मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची नोंद नीट ठेवली, आणि २०१८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की औषध मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. औषधावरचा संशय खाली आला तोही मृत्यू मोजूनच. ते म्हणाले, "तिथे लोक असतील कामाला." पण सही केली.

बाईच्या घरी मीच गेले. शेवटच्या दिवसांत चक्कर आली का, छातीत धडधडलं का, दुसरं काही औषध घेतलं का, हे तिच्या नवऱ्याला विचारायचं होतं. त्याने उरलेल्या गोळ्यांची पिशवी आणून दिली. "परत घ्या. कुणाच्या तरी उपयोगी पडतील." बॅच नंबर उतरवायला मला ती पिशवी हवीच होती. तो उतरवताना माझी मान वर होत नव्हती. बैठकीत त्या प्रकरणावर 'माहितीअभावी ठरवता येत नाही' असा शेरा पडला.

हे कागद जातात कुठे, असं मला सिस्टर विचारायच्या. मी सांगायचे: इथून राष्ट्रीय केंद्रात, तिथून स्वीडनमधल्या उप्सालाला. जागतिक आरोग्य संघटनेचा हा कार्यक्रम १९६८ मध्ये दहा देशांनी सुरू केला, थॅलिडोमाइड या औषधाने गर्भातल्या बाळांत व्यंगं निर्माण करून जगाला हादरवल्यानंतर. १९७८ पासून त्याचं काम उप्सालातून चालतं. कोट्यवधी अहवालांच्या ढिगात तुमची ती उलटी पण असते. त्या हसायच्या. "आणि उत्तर?" उत्तर यायचं नाही. क्वचित पोच यायची, एक क्रमांक. ही माझी या व्यवस्थेवरची खरी तक्रार आहे. ज्याने फॉर्म भरला, त्याला पुढे काय झालं ते कळवलं नाही, तर तो तिसरा फॉर्म भरत नाही. मी म्हणून दर तिमाहीला एक पान लिहून भिंतीवर लावायला लागले: या तीन महिन्यांत तुम्ही काय सांगितलंत आणि त्यामुळे कोणाचं काय बदललं. फार नसायचं. दोघांचा डोस कमी केला, एकीला चष्म्याच्या डॉक्टरांकडे वेळेत पाठवलं, एवढंच.

कधी कधी मोठं काहीतरी हलायचंही. आमच्याकडे पूर्वी इंजेक्शनं घेऊन कान गेलेली माणसं होती. उपचार पुरा झाला, बरे झाले, आणि आता हाक मारली तर वळून बघत नाहीत. २०१९ च्या जागतिक मार्गदर्शनात कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन ही इंजेक्शनं एमडीआरसाठी वापरूच नका असं आलं. त्या दिवशी सिस्टरनी इंजेक्शनचा ट्रे घासूनपुसून कपाटात वरच्या फळीवर ठेवला. लिनेझोलिडचंही तसंच. दक्षिण आफ्रिकेतल्या १०९ पेशंटांच्या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम देऊन सुमारे ९० टक्के बरे झाले, पण ८१ टक्क्यांच्या हातापायांच्या नसांना त्रास झाला. पुढच्या अभ्यासात डोस ६०० वर आणला, तेव्हा २६ आठवड्यांच्या उपचारात तो त्रास २४ टक्क्यांवर आला आणि बरे होण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं. ८१ हा आकडा कुणीतरी एकेकाच्या तळपायावर कंपन देणारा चिमटा टेकवून, "कळतंय का" विचारत जमवला असणार.

एका चपलेच्या काकांचा डोस आम्ही ६०० वरून ३०० केला. पहिल्या दिवशीच केला असता तर बरं झालं असतं, पण बैठक, सही आणि कमी ताकदीची गोळी मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. उपचार पूर्ण झाला, टीबी गेला. शेवटच्या भेटीला मी त्यांना डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर धरला की खाली ते विचारलं. डावा बरोबर सांगितला, उजवा चुकला. मागच्या पट्ट्याच्या चपला घेतल्या होत्या, निघू नयेत म्हणून.

फॉर्मवर शेवटी 'परिणाम' असा चौकोन असतो. बरा झाला, बरा होत आहे, बरा झाला पण दोष राहिला, माहीत नाही. मी तिसऱ्यावर खूण केली. काका वाकून बघत होते, म्हणाले, "काय लिहिलंत?"

सांगितलं.

"राहू द्या हो मॅडम," ते म्हणाले, "एवढ्या गोळ्या खाल्ल्या, होतंच ते."

माझ्याआधी सिस्टरच म्हणाल्या, "काका, उजवा की दोन्ही? नीट सांगा, लिहायचंय."